सातवा ठिपका कोणाचा?

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा विषयाबाबत आम्हा दोघांत फारसा वाद झाला नाही. आमच्यापैकी एक चित्रकलेचा शिक्षक, दुसरी विज्ञानाची शिक्षिका. शनिवारच्या सकाळच्या शाळेतील शेवटच्या दोन तासिका अनेक वर्षे आम्ही एकत्र घेतल्या. त्या तासिकांत मुलांकडून सर्वाधिक वेळा काढून घेतले, ते एका किड्याचे चित्र. स्नेहसंमेलने, सहली आणि निकाल यांविषयी इतर लेखक लिहितीलच. आम्ही त्या किड्याविषयी लिहीत आहोत.

वसतिगृहात नव्याने दाखल होणारी बहुतेक मुले शेतकरी, शेतमजूर व ऊसतोड कामगार यांच्या घरची. चित्र काढा म्हटले, की वहीत दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि वळण घेत येणारी नदी उमटत असे. ज्या गावात डोंगर नाही, नदीही नाही, तेथल्या मुलाच्या वहीतही तेच. हे चित्र कोणी पाहून काढलेले नसते. ते पाढ्यांसारखे पाठ केलेले असते. ज्याला ते पाठ होत नाही, तो “मला चित्र येत नाही” असे म्हणून मोकळा होतो आणि पुढे जन्मभर तेच म्हणत राहतो. म्हणून जे कोणालाच पाठ नाही, असे काहीतरी मुलांसमोर ठेवावे, असे आम्ही ठरविले. किडा त्यासाठी सर्वांत सोयीचा. तो विकत आणावा लागत नाही आणि त्याच्यापुढे हुशार व मठ्ठ असा भेद उरत नाही.

त्यातही आम्ही ढालकिडा निवडला. हिवाळ्यात करडईच्या, गव्हाच्या शेतात हा हमखास सापडतो. आकाराने हरभऱ्याच्या डाळीसारखा, वरून फुगीर व खालून सपाट. पाठीवर लालसर नारिंगी ढाल आणि तिच्यावर सात काळे ठिपके.

एक अट मात्र पहिल्या दिवसापासून होती. ज्या मुलांनी सकाळी वंदनेत प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे शील ग्रहण केले, त्यांनी दुपारी त्याच हातांनी किड्याला टाचणी टोचावी, हे आम्हांला मान्य नव्हते. किडा जिवंतच पाहायचा आणि तास संपताच सोडून द्यायचा. जिवंत किडा स्थिर बसत नाही, ही अडचण जुनीच आहे. 1665 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथासाठी सूक्ष्मदर्शकातून चित्रे काढताना रॉबर्ट हूक यांना एका मुंगीने असेच छळले. शेवटी त्यांनी तिला ब्रँडीत भिजविले. ती सुमारे तासभर निपचित पडली आणि मग उठून पळून गेली. पहिले शील सांभाळण्यासाठी पाचवे मोडण्याची आमची तयारी नव्हती! आम्ही भोजनगृहातून काचेचे पेले आणले. कागदावर किडा आणि त्यावर पालथा पेला, एवढीच आमची प्रयोगशाळा.

ज्यांनी कधीच पेन्सिल धरलेली नाही, त्यांच्यासाठी आमचा क्रम येथे देत आहोत.

पहिली पाच मिनिटे पेन्सिल खाली ठेवावी. केवळ पाहावे आणि स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : याचे डोके कोठे संपते? पाय कोठून निघतात? ठिपके कसे वाटले गेले आहेत?

मग कागदाच्या मध्यावर हलक्या हाताने एक उभी रेषा ओढावी. ही मध्यरेषा. तिच्या दोन्ही बाजूंना सारखा येईल असा, रुंदीपेक्षा किंचित लांब अंडाकृती आकार काढावा. तो वाटीएवढा मोठा असावा. लहान वस्तू लहानच काढायची, हा समज नवशिक्यांना फार नडतो. लहान चित्रात चूक लपते, पण तपशीलही लपतो.

आता अंडाकृतीच्या वरच्या टोकाकडील साधारण चौथा हिस्सा एका वक्ररेषेने वेगळा करावा. हा काळा भाग आणि त्याच्या दोन कोपऱ्यांतील पांढरे डाग पाहून जवळजवळ प्रत्येक मूल म्हणते, “हे डोके आणि हे डोळे.” दोन्ही चूक. तो भाग म्हणजे वक्षावरील ढाल आहे आणि पांढरे डाग हे नुसते डागच आहेत. खरे डोके त्याच्याही पुढे, अर्धवट आत ओढून घेतलेले, इवलेसे असते. त्याच्या दोन कडांना काळे डोळे आणि टोकाशी किंचित जाड झालेल्या दोन आखूड मिशा. भिंगातून हे दिसले, की वर्गात जी कुजबुज उठते, ती आम्हांला कोणत्याही उत्तम गुणपत्रिकेपेक्षा प्रिय आहे.

यानंतर मध्यरेषेकडे यावे. एरवी ही रेषा नंतर खोडायची असते. येथे मात्र वक्षाच्या ढालीपासून शेवटच्या टोकापर्यंत ती गडद करायची, कारण ती किड्याच्या अंगावर खरोखरच आहे. पाठीवरची लाल ढाल अखंड नाही. ते दोन कठीण पंख आहेत आणि ही त्यांची सांध्याची रेषा. उडण्याचे पातळ पंख त्यांच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात.

पायांसाठी घाई करू नये. मुले पाय ठिपक्यांच्या ढालीलाच चिकटवतात. कोणी आठ काढतो, कोणी दहा. किडा पेल्याच्या काचेवर चढू लागला, की त्याचे पोट दिसते. त्या वेळी मोजावे : पाय सहा, तीन जोड्या, आणि सगळ्या वक्षातून निघालेल्या. उदराला एकही पाय नाही. चालताना एका बाजूचा पुढचा व मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला असे तीन पाय एकदम उचलले जातात; उरलेले तीन तिवईसारखे अंग पेलतात. वरून पाहताना पायांची केवळ टोके बाहेर डोकावतात, म्हणून वरच्या चित्रात तेवढीच काढावीत आणि पोटाकडील बाजूचे दुसरे चित्र शेजारी काढावे.

शेवटी ठिपके. येथे वर्गात दरवर्षी भांडण होई. ठिपके सात, पंख दोन. मग एका पंखाला तीन आणि दुसऱ्याला चार का? काही मुले न्याय म्हणून दोन्हीकडे चार चार काढून आठ करीत. आम्ही उत्तर सांगत नसू. किड्याला पेन्सिलीवर चढू द्यावे. तो टोकापर्यंत जातो, क्षणभर थांबतो आणि कठीण पंख उघडतो. तेव्हा ढालीलगतचा, ऐन सांध्यावरचा सातवा ठिपका दुभंगतो. अर्धा या पंखावर, अर्धा त्या पंखावर. सातवा ठिपका दोघांचा असतो.

रंग सर्वांत शेवटी भरावा. ढालीवर जेथे खिडकीचा उजेड चमकतो, तेवढा कागद कोराच सोडावा. फुगीरपणा त्या कोऱ्या जागेतूनच येतो.

या पाठाचे मोल आम्हांला एका पालकसभेत कळले. आठवीतील एक मुलगी चित्रकलेच्या वहीची पाने कोरी ठेवीत असे. ढालकिडा तिने चार वेळा काढला, आणि त्यानंतर त्याची अळीही काढली. ही अळी आईबापांसारखी मुळीच दिसत नाही. लांबट, काळसर, अंगावर पिवळे-नारिंगी ठिपके, एखाद्या इवल्या मगरीसारखी. संक्रांतीच्या सुटीत ती घरी गेली, तेव्हा करडईवर मावा पडला होता आणि वडील फवारणीच्या तयारीत होते. पानांवर मावा होता, तशाच या काळ्या अळ्याही होत्या, आणि वडिलांच्या लेखी दोन्ही कीडच. वडिलांनीच आम्हांला सांगितले, “लेकीनं हात धरला, सर. म्हणाली, आबा, ही मावा खाती. हिला मी काढलंय, मी हिला वळखते.”

त्यांनी सारे शेत काही सोडले नाही. ते त्यांना परवडणारेही नव्हते. बांधाकडची चार तासे मात्र त्यांनी फवारली नाहीत, आणि त्या तासांत त्यांनी आयुष्यात प्रथमच अळीला मावा खाताना बसून पाहिले. “पन्नास वर्षं शेतात गेली, पण बघितलं आत्ता,” असे ते म्हणाले, तेव्हा त्यांच्या शेजारी मान खाली घालून उभ्या असलेल्या त्या मुलीकडे आम्ही पाहत होतो.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी पुढे एलिमेंट्री व इंटरमीजिएट परीक्षांत चांगल्या श्रेणी मिळविल्या. बहुतेकांनी शाळेनंतर पेन्सिल हाती घेतली नाही. त्याची आम्हांला खंत नाही. चित्र चांगले आले की वाईट, यापेक्षा ते पाहून काढले की पाठ करून काढले, एवढेच आम्ही तपासत आलो. पाठ केलेले मत, पाठ केलेली भीती आणि माणसांविषयी पाठ केलेले समज यांच्यापुढेही हाच प्रश्न उभा करता येतो, हे आमच्या मुलांना वेगळे शिकवावे लागले नाही. त्यांतील अनेकांना असे समज स्वतःच्या अंगावर झेलावे लागले होते.

माजी विद्यार्थ्यांनो, आता तुमच्या घरी लहान मुले असतील. येत्या हिवाळ्यात त्यांना शेताकडे, निदान एखाद्या कुंडीकडे तरी न्या. एक पेला, एक कागद, एक पेन्सिल पुरे आहे. त्यांना उत्तर सांगू नका, मोजू द्या. आणि चित्र पुरे झाल्यावर पेला त्यांनाच उचलू द्या.