शेवटचं बटण

माझ्या नातवाला स्वमग्नता आणि एडीएचडी दोन्ही आहे. २०१३ पर्यंत अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेनुसार ही दोन निदानं एकत्र देता येत नसत. (मुलं तेव्हाही होतीच की!)

स्वमग्नतेला रोज तोच क्रम हवा, एडीएचडीला त्याच क्रमाचा कंटाळा. शर्ट घालताना दुसऱ्या बटणापर्यंतच लक्ष पंख्याकडे जातं. थेरपिस्टबाईंनी उलटं शिकवायला सांगितलं: बाकीची बटणं आपण लावायची, शेवटचं त्याने. ते जमलं की शेवटची दोन. चौतीस वर्षं 'अ'पासून शिकवलेल्या मला हे अजबच वाटलं. पण काम पुरं केल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळाला.

सहा महिन्यांत तीन बटणं झाली. सून म्हणते, "आई, घाई नाही."

मला आहे. मी पंचाहत्तर वर्षांची आहे.