विचार आधी, वेग नंतर

ऑस्ट्रियातल्या किट्झब्युहेलची ‘स्ट्राइफ’ ही स्कीच्या डाउनहिल शर्यतीतली सर्वांत दरारा असलेली वाट. लांबी ३,३१२ मीटर, माथा ते पायथा उंचीतला फरक ८६० मीटर. सुटल्यावर काही सेकंदांतच ८५ टक्के उताराचा टप्पा येतो आणि खेळाडू हवेत झेपावतो. १९९७ साली फ्रिट्झ स्ट्रोबलनं ही वाट १ मिनिट ५१.५८ सेकंदांत पार केली. हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, “यांना भीती वाटत नाही का हो?” स्की शर्यतपटूंची मानसिक तयारी करून घेणं हे माझं काम आहे, म्हणून खात्रीनं सांगते: वाटते, आणि वाटायलाच हवी. प्रश्न एवढाच असतो, की त्या भीतीचं काय करायचं.

ताशी १३० किलोमीटर वेगात खेळाडू एका सेकंदात ३६ मीटर पुढे गेलेला असतो. वळण दिसल्यावर विचार करू म्हटलं, तर वळण मागे पडतं. त्यामुळे सगळा विचार सुटण्याआधीच संपवावा लागतो, आणि तो संपवण्याची जागा म्हणजे शर्यतीच्या सकाळचं इन्स्पेक्शन. डाउनहिलला आधी सरावाच्या फेऱ्या तरी मिळतात; सुपर-जी किंवा स्लॅलम या इतर प्रकारांना त्याही नाहीत. इन्स्पेक्शनला स्की आडव्या धरून, हळूहळू घसरत वाट न्याहाळायची. वाट आखणाऱ्या गेटमधून वेगानं उतरायला मनाई. कुठल्या उंचवट्यामागे पुढचं गेट लपलंय, बर्फ कुठे काचेसारखा कडक आहे, कुठे सावली संपून ऊन सुरू होतंय, कुठे झोकून द्यायचं आणि कुठे धीर धरायचा, हे सगळं तिथंच ठरतं.

मग डोळे मिटून उजळणी. तळहातांच्या स्की करून, शरीर झुकवत खेळाडू मनातल्या मनात अख्खी वाट उतरतो. मी तेव्हा स्टॉपवॉच लावते. मनातली फेरी आणि खरी फेरी यांची वेळ जवळपास जुळायला हवी. एका तरुण खेळाडूची मनातली फेरी सारखी लवकर संपायची. तिला मोठ्यानं वर्णन करायला सांगितलं, तेव्हा लक्षात आलं की एका उडीच्या आधीचं डावं वळण ती मनातून गाळतेय. भीती नेमकी तिथं दडली होती. मग त्या एका वळणावरच आम्ही काम केलं: नजर कुठे, भार कोणत्या स्कीवर, श्वास कधी सोडायचा. भीतीचा पत्ता मिळाला की तिच्यावर काम करता येतं.

शरीराची तयारीही याच दिशेनं जाते. वळणावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच प्रचंड भार पेलतात, म्हणून उन्हाळ्यात वजन घेऊन सावकाश खाली बसण्याचे व्यायाम असतात. पाय थकले की गुडघ्याच्या अस्थिबंधाला धोका वाढतो आणि नजरही जवळ येते; खेळाडू दोन गेट पुढे बघायचं सोडून पायाखाली बघू लागतो. म्हणून थकलेल्या पायांवरच तोल आणि प्रतिसादाचे सराव करून घ्यायचे.

शिवाय वाट सगळ्यांना सारखी मिळत नाही. उशिराच्या क्रमांकाला आधीच्यांनी पाडलेल्या खोल चऱ्या मिळतात. हवामानही साथ देईलच असं नाही. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये काश्मीरचा आरिफ खान हा भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलमच्या दिवशी दाट बर्फ पडत होता, जवळपास निम्मे स्पर्धक बाद झाले. आरिफनं दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या आणि ४५ वा आला. त्या परिस्थितीत पूर्ण केलेल्या दोन फेऱ्यांचं मोल मला फार वाटतं.

भीती सर्वश्रेष्ठांनाही चुकत नाही. मिकाएला शिफ्रिन ही या खेळातली सर्वाधिक विश्वचषक शर्यती जिंकलेली खेळाडू. नोव्हेंबर २०२४ मध्ये किलिंग्टनला ती पडली आणि पोटाला खोल जखम झाली. शरीर सावरलं, तरी जायंट स्लॅलमच्या वेगाला मन तयार होईना. तिनं ते जगासमोर सांगितलं आणि फेब्रुवारी २०२५ च्या जागतिक स्पर्धेत, स्वतः गतविजेती असूनही, त्या शर्यतीतून माघार घेतली. त्याच महिन्यात सेस्ट्रिएरला स्लॅलम जिंकून तिनं शंभरावा विश्वचषक विजय मिळवला.

पालक मुलांना घेऊन येतात आणि म्हणतात, “हिची भीती घालवा.” मी ते काम घेत नाही. भीती कुठल्या वळणावर आहे हे ओळखायला आणि तिथं नेमकं काय करायचं हे आधी ठरवायला मात्र मी नक्की शिकवते. हे ज्याला जमतं, तो वेगातही स्वतःच्या निर्णयानं उतरतो.