पंख्याची दोरी कुठवर जाते?

१/८
मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पूर्वेस साडेचारशे फुटांच्या आसपास लांबीची एक दगडी इमारत उभी आहे. आज तेथे शहर दिवाणी व सत्र न्यायालय भरते. १८७४ साली ती पूर्ण झाली, तेव्हा ते मुंबई इलाख्याचे सचिवालय होते. विजेवाचून ही भलीमोठी कचेरी उन्हाळा कसा काढत असे?

२/८
कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांनी इमारतीचे तोंड पश्चिमेस ठेवले. त्या काळी मैदान आणि रेल्वेमार्ग ओलांडला की बॅकबेचा समुद्र लागे. खारा वारा थेट दारात येई.

३/८
मात्र पश्चिमेकडून दुपारचे तिरपे ऊनही येते, आणि अरुंद छज्जा ते अडवू शकत नाही. म्हणून दालनांपुढे खोल, कमानदार व्हरांडे आले. ऊन तेथेच थबके. वारा आत शिरे.

४/८
उत्तर हिंदुस्थानच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ओल्या ताट्या हवा गार करत. मुंबईच्या दमट हवेत पाणी सहजी सुकत नाही. तेथे घाम वाळवायला वाहती हवाच लागते. सावली आणि वारा हेच या शहराचे खरे उपाय.

५/८
आणि वारा पडला तर? त्या काळच्या कचेऱ्यांत छताला कापडी पंखा टांगलेला असे. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर जाई आणि पलीकडे बसलेला पंखेवाला ती तासन्‌तास ओढी. साहेबाच्या गारव्यामागची ऊर्जा त्याच्या दंडांतली होती.

६/८
१९०५ साली वाडीबंदरला वीजकेंद्र सुरू झाले आणि पंखेवाल्याची दोरी सुटू लागली. १९१५ पासून खोपोलीची जलविद्युत मुंबईत आली. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह पुकारला. सेनापती बापट त्याचे नेते झाले. ती वीज मुख्यतः गिरण्यांसाठी होती, पंख्यांसाठी नव्हे. तरी शहराच्या सुखसोयींची दोरी आता सह्याद्रीतल्या भातखाचरांपर्यंत पोहोचली होती.

७/८
पुढे भराव पडून समुद्र दूर गेला. ओव्हलच्या पश्चिमेस १९३०च्या दशकात आर्ट डेको इमारती आल्या; त्यांच्याही खिडक्यांवर लांब छज्जे होते. २०१८ साली मैदानाच्या दोन्ही बाजू जागतिक वारसा ठरल्या. आर्ट डेकोनंतरच्या पिढ्यांनी मात्र न उघडणाऱ्या काचांची कार्यालये बांधली: ऊन आधी आत घ्यायचे, मग वीज जाळून त्याची उष्णता बाहेर टाकायची.

८/८
व्हरांड्याने पंखेवाल्याची सुटका केली नाही. त्याचे ओझे थोडे हलके केले असेल, इतकेच. पण इमारत जितकी सावली स्वतः धरते, तितकी दोरी कमी ओढावी लागते. कधी दुपारी ओव्हलवर गेलात, तर या जुन्या सचिवालयाकडे पाहा. ऊन व्हरांड्यात कुठवर शिरते आणि कुठे थांबते, ते रस्त्यावरूनही दिसेल.