मिळकतीचा प्रश्न

वराची मिळकत विचारणे ही आपल्याकडची जुनी चाल आहे. नव्या मतांच्या मंडळींना हा प्रश्न व्यवहारी वाटतो. परंतु त्याच्या पोटी मुलीच्या बापाची काळजी असते. शिवाय त्या प्रश्नाला थोडी लवचीकता असे. पगार बेताचा असला तरी मध्यस्थ 'मुलगा होतकरू आहे' असा शब्द टाकी, आणि बैठक पुढे चाले.

हाच प्रश्न एका राज्याच्या कायद्याने विचारलेला ऐकण्याचा योग गेल्या वर्षी मला आला. माझी पुतणी पुण्यास एका कारखान्यात अभियंता आहे. तिचा विवाह ब्रिटनचे नागरिकत्व मिळालेल्या एका तरुणाशी झाला. तो लेस्टर येथील एका शाळेत नोकरीस आहे. पत्नीला तेथे राहावयास न्यायचे तर त्याचे उत्पन्न ठराविक आकड्याच्या खाली असता कामा नये. २०१२ च्या जुलैत हा आकडा वर्षाला १८,६०० पौंड ठरला होता; ११ एप्रिल २०२४ पासून तो २९,००० झाला. आमचे जावई २५,००० मिळवितात. चार हजारांचे अंतर आहे, म्हणून वधू अद्याप माहेरीच आहे.

राज्याने असा आकडा बांधावा, यात मला अन्याय दिसत नाही. येणाऱ्या कुटुंबाचा भार सार्वजनिक तिजोरीवर पडू नये, हा हेतू कोणासही समजण्याजोगा आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ साली हा नियम तत्त्वतः वैध ठरविला. मुलांच्या हिताचा पुरेसा विचार त्यात झालेला नाही, एवढा दोष मात्र दाखविला. मला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. पुतणीचा पगार या हिशेबात धरतच नाहीत. येथून अर्ज करणाऱ्या पत्नीची येथील नोकरी शून्य, आणि तेथे गेल्यावर ती जे मिळवील तेही शून्य.

मात्र शिल्लक चालते. मग ती पतीची असो वा पत्नीची. तिचा हिशेब असा : तूट असेल तिची अडीचपट करावयाची आणि तीत १६,००० पौंड मिळवावयाचे. आमच्या चार हजारांच्या तुटीला या रीतीने २६,००० पौंड लागतात. उत्पन्न मुळीच नसेल, तर ८८,५०० पौंड हवेत. रक्कम सहा महिने हाती असली पाहिजे. ती कर्जाऊ चालत नाही. कोणी बक्षीस दिलेली चालते.

एवढी शिल्लक तिशीच्या आतल्या मुलीजवळ कोठून असणार? माझ्या वडील बंधूंनी, म्हणजे दादांनी, गावाकडचा मळा विकावयाचे मनात आणले. गिऱ्हाईकही आले. त्या रात्री पुतणी माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "काका, सहा वर्षे मी पगार मिळवते आहे. त्यातला एक रुपया ते मोजत नाहीत. आणि बाबांनी जमीन विकून दिलेला पैसा मात्र मोजतात. मग ही मिळकतीची चौकशी म्हणायची, की हुंडा?"

मी कायद्याच्या बाजूने चार शब्द बोलून पाहिले. हुंडा सासरच्या घरात जातो, ही शिल्लक तुझ्याच नावावर राहील, असे सांगितले. ती म्हणाली, "नावावर राहील हो, पण मळा जाईल ना?" यावर मजपाशी उत्तर नव्हते. नियम करणाऱ्यांच्या मनात हुंडा स्वप्नातही आला नसेल. परंतु कमावत्या मुलीची कमाई शून्य धरली, की तिच्या बापाची जमीन आपोआप पुढे येते. १९६१ साली आपल्या कायद्याने जी वाट बंद केली, तिच्याच शेजारून ही दुसरी वाट निघते.

मळा विकावयाचा नाही, असे शेवटी तिनेच ठरविले आणि पतीलाही कळविले. त्यांनी ते आनंदाने मान्य केले, आणि संध्याकाळची आणखी एक नोकरी धरली. तिच्या सहा महिन्यांच्या पगारपत्रिका जमल्या, म्हणजे अर्ज जाईल. तोवर दादांनी मळ्यात पुन्हा ऊस लावला आहे.