बारा की चोवीस?

प्रवाळ म्हटलं की आपल्याला आठवतं ते सोनाराकडचं लाल पोवळं, मंगळाच्या अंगठीतलं. गंमत म्हणजे ते दगडी प्रवाळांच्या कुळातलं नाहीच. प्रवाळ म्हणजे इवल्या इवल्या प्राण्यांची वसाहत. प्रत्येकाच्या तोंडाभोवती बारीक अवयव असतात, त्यांना आपण बोटंच म्हणू. पोवळ्याच्या प्राण्याला अशी आठ बोटं, आणि दगडी प्रवाळाला बहुधा सहाच्या पटीत. हे सगळं मला वाचावं लागलं ते न्यू जर्सीतल्या भाच्यामुळे.

त्याने तिकडे समुद्री माशांची एक जुनी टाकी विकत घेतली, आतल्या दगडांसकट. एका दगडावर मुठीएवढा तपकिरी गोळा होता. महिनाभर मेल्यासारखा पडून होता, आणि मग एक दिवस त्यातून देठादेठांवर फुलं उमलली. लगेच मला फोटो. "मावशी, हे समुद्रफूल असेल तर फार पसरतं म्हणे. चुन्याचं दाट पाणी टोचलं की मरतं. टोचू का?"

मावशी रत्नागिरीत राहते म्हणजे तिला समुद्रातलं सगळं कळतं, हा त्याचा लहानपणापासूनचा समज. म्हटलं, थांब रे बाबा, आधी तो कोण आहे ते तरी बघू.

रंगावरून काही ठरत नाही. टाकीतल्या निळ्या दिव्याखाली तपकिरी प्रवाळही हिरवं चमकू शकतं. आकारही फसवा, कारण उजेड आणि पाण्याचा प्रवाह बदलला की एकाच जातीचं प्रवाळ वेगळं वाढतं. म्हणून त्याला म्हटलं, फुलांवर पाण्याचा हलका झोत सोड. फुलं आत गेली आणि खाली पोळ्यासारखी टणक घरं दिसली. समुद्रफुलाला असा सांगाडा नसतो. म्हणजे हे दगडी प्रवाळ. चुन्याची सिरिंज कपाटात गेली!

आता कुठलं? लांब देठांची अशी फुलं असणारी दोन नावं समोर आली, गोनिओपोरा आणि अल्व्हिओपोरा. गोनिओपोराची ख्याती अशी की घरच्या टाकीत काही महिने छान दिसतो आणि मग हळूहळू खंगत जातो. त्यामुळे नावाला महत्त्व होतं. दोघांत फरक करायची खूण मात्र अगदी पोराटोरांना जमेल अशी. गोनिओपोराच्या फुलाला चोवीस बोटं, अल्व्हिओपोराच्या फुलाला बारा. भाच्याने पांढरा दिवा लावून भिंगातून दहा फुलं मोजली. बारा, बारा, बारा...

जुन्या पुस्तकांत ही दोन्ही एकाच कुटुंबात आहेत, कारण दिसतात सारखी. या शतकात जनुकं तपासली तेव्हा कळलं की अल्व्हिओपोराचं नातं फांद्याफांद्यांच्या अ‍ॅक्रोपोराशी आहे. चेहरेपट्टीवरून नाती जुळवणाऱ्या आपल्या आत्या-काकवांनी हे लक्षात ठेवावं!

भाच्याला पुढे जातीचं नावही हवं होतं. पण त्यासाठी मांस काढून टाकलेला कोरा सांगाडा सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. म्हणजे निदान एक तुकडा तरी मारायला हवा. आम्ही बारावर थांबलो.

मग त्याची पुढची फर्माईश आली. "मेमध्ये येतोय, तेव्हा आपल्या खडपातलं एक छोटं प्रवाळ न्यायचं का गं?"

आपल्याकडे प्रवाळ आहेत हे खरं. रत्नागिरी, मालवण आणि रेडीच्या किनाऱ्यावर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात जिवंत प्रवाळ असल्याची नोंद कासिम आणि वफर या शास्त्रज्ञांनी 1979 मध्ये केली होती. पण 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळीच दगडी प्रवाळं आहेत. वाघ आहे त्याच यादीत. तिथे बारा की चोवीस असं कोणी विचारत नाही. दगडी आहे एवढं पुरे. उचललं तर तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वेळी 2020 मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळं दुसरीकडे हलवायची होती, तर सरकारी कामालासुद्धा वनखात्याची परवानगी घ्यावी लागली.

पण कायदा सांगून मन वळत नाही हो. त्याला मी एवढंच म्हटलं, तुझ्या टाकीत मीठ, उजेड, उष्णता सगळं तू सांभाळतोस. इथलं प्रवाळ पावसाळ्यात गढूळ पाणी सोसतं, सुकतीला उन्हात तापतं, आणि तरी टिकतं. ते तिथेच कसं जगतं, हे बघायला ये.

थोडा हिरमुसला. मग विचारलंन, "मेमध्ये मोठी सुकती कधी आहे?"

अमावास्येच्या आसपास, म्हटलं. भिंग तेवढं घेऊन ये.