हाताला न लागणारा ताप

मोटारीच्या अंगावर हात ठेवून ‘फार तापली हो’ म्हणण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे. परंतु कपाळावरून ज्वर कळतो, तसा मोटारीचा दाह कवचावरून पुरता कळत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत मोटारी भरण्यात हयात गेल्यावर याविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

तांब्याच्या तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह 10 टक्के वाढला, तर उष्णता 21 टक्के वाढते. उन्हाळ्यात विजेचा दाब उतरतो, पंपाचा भार मात्र तोच राहतो. मग मोटार अधिक प्रवाह ओढते. ही उष्णता खाचेतील अस्तर ओलांडून लोखंडात, तेथून कवचात आणि अखेर पंख्याच्या वाऱ्यात जाते. तारांमध्ये वार्निश नीट मुरले नाही, तर पोकळीत हवा राहते आणि हवा उष्णतेला सहजी वाट देत नाही. खाचेबाहेर आलेल्या वेटोळ्यांना तर लोखंडाचा स्पर्शही नसतो; बहुधा तीच सर्वांत अधिक तापतात.

तारेचा रोध मोजून तापमान काढता येते, पण ते सरासरीचे. म्हणूनच ‘एफ’ वर्गाच्या आवरणाची मर्यादा 155 अंश सेल्सिअस असता भोवतालचे 40 आणि सरासरी वाढीचे 105 अंशच धरतात. उरलेले 10 अंश सर्वांत तप्त जागेसाठी राखलेले असतात. हे अंतर क्षुल्लक नव्हे. मर्यादेपलीकडे दर 10 अंशांमागे आवरणाचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा आमच्या व्यवसायातील ठोकताळा आहे.

जळालेली मोटार उघडली की हा ताप वाचता येतो. सारी वेटोळी सारखीच काळवंडली असतील, तर दोष बहुधा जादा भाराचा वा उतरलेल्या दाबाचा. तीनपैकी एकाच किंवा दोनच फेजांची जळाली असतील, तर पुरवठ्यातील एक फेज गेल्याची शंका घ्यावी. एकाच ठिकाणी डाग असेल, तर आवरण तेथे दुबळे होते.

वैशाखात ऊस वाळत असताना शेतकरी येतो आणि ‘संध्याकाळपर्यंत भरून द्या’ म्हणतो. त्याची निकड खरी असते. तरी वार्निश भट्टीत पुरते सुकल्याखेरीज मी मोटार हातावेगळी करीत नाही. त्यापायी काही गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. जी थांबली, त्यांना मोटारीबरोबर ती का जळाली हेही सांगून पाठवतो. कारण न काढता भरलेली मोटार त्याच हंगामात पुन्हा दारी येते आणि तोवर ऊस वाळलेला असतो.