हातभर मासा, किती हात पाणी?

बडोद्याहून अहमदाबादेस जाणे याला आम्ही बडोदेकर प्रवास म्हणत नाही. सकाळचा चहा घरी घ्यावा, द्रुतगती मार्गाने दोन तासांत पोचावे, कामे उरकावी आणि रात्रीच्या आमटी-भाताला परत यावे, असा पिढीजात नसला तरी अलीकडे रूढ झालेला शिरस्ता आहे. गेल्या हिवाळ्यात मात्र आम्ही उभयता आणि आमचा कॉलेजात शिकणारा पुतण्या असे तिघे सायन्स सिटीतील मत्स्यालय पाहावयास गेलो, तेव्हा पुतण्याच्या खिशात मोजपट्टी होती आणि हाती वही. आम्ही पाहावयास गेलो होतो खरे, पण त्याहून अधिक एक प्रश्न सोडवावयास गेलो होतो.

प्रश्न असा. दांडिया बाजारातील आमच्या वाड्यात माडीवर राहणारे एक बिऱ्हाड पुण्यास जावयाचे होते. सामान बांधून झाले, सिलिंडर परत केला, आणि उरला तो एक मासा. तीन वर्षांपूर्वी बोटभर असताना ‘शार्क’ म्हणून आणलेला तो प्राणी आता चांगला हातभर, म्हणजे दीड फूट झाला होता. त्याची काचेची टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सवा फूट उंच. वहिनी आमच्या घरात आल्या आणि म्हणाल्या, “काकू, याला तुमच्याकडे ठेवता का? दुकानदार परत घेत नाही, आणि मारवत तर नाही.” त्यांच्या मुलाने डोळे पुसले, ते आम्ही पाहिले. नाही म्हणणे अवघड झाले. हो म्हणण्यापूर्वी याला पाणी किती लागते, हे तरी समजून घ्यावे असे ठरले.

अहमदाबादचे हे जलचर दालन जुलै २०२१ मध्ये खुले झाले. अडुसष्ट टाक्या, १८८ जाती आणि प्रेक्षकांना मोठ्या टाकीच्या पोटातून नेणारा २८ मीटर लांबीचा बोगदा, अशी त्याची त्यावेळची जाहीर मोजदाद. ज्यांनी लहानपणी मुंबईस नातेवाइकांकडे जाऊन मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले आहे, त्यांना दोन्हींतील अंतर लगेच जाणवेल. तिथे भिंतीतल्या चौकटींतून मासे पाहावयाचे, जणू चित्रांचे प्रदर्शन. इथे मासे आपल्या माथ्यावरून जातात आणि शाळेच्या सहलीतली पोरे वर बोटे दाखवीत किंचाळतात. गर्दी, गोंगाट आणि मोबाइलचे दिवे यांचा त्रास होतो. तो सहन करून एका जागी अर्धा तास उभे राहण्याची तयारी असेल, तरच या दालनात काही दिसते.

आम्ही शार्कांच्या टाकीपाशी उभे राहिलो. शार्कांच्या अनेक जातींना श्वासासाठी सतत पोहावे लागते. तोंडातून आत आलेले पाणी कल्ल्यांवरून वाहत राहिले, तरच प्राणवायू मिळतो. म्हणून अशा माशांच्या टाकीला लांबच लांब मोकळी वाट लागते, आणि अडचणीचे कोपरे टाळावे लागतात. पुतण्याने एक युक्ती काढली. मासा वळण्यापूर्वी स्वतःच्या लांबीच्या कितीपट अंतर सरळ जातो, हे तो मोजू लागला. लहान मासे गिरक्या घेत होते, त्यांचा हिशेब लागेना. मोठे मासे मात्र अंगाच्या कित्येक पट अंतर शेपटीच्या दोनतीन फटकाऱ्यांत सरकून जात आणि मग सावकाश, मोठ्या कमानीत वळत. आमच्या माडीवरचा मासा एक अंग पुढे गेला की काचेवर नाक टेकी. शिवाय टाकीची रुंदी एक फूट आणि मासा दीड फूट. त्यामुळे वळताना तो धनुष्यासारखा वाकावयाचा. आम्ही ते रोज पाहत होतो, पण पाहण्यात नेमके काय आहे हे अहमदाबादेस उमगले.

जाता जाता एक गंमत. बोगद्याच्या वाकड्या पारदर्शक भिंतीतून मासे असतात त्याहून लहान दिसतात, आणि घरच्या सपाट काचेतून थोडे जवळ आणि मोठे. तेव्हा डोळ्यांवर विसंबून माशाचे माप घेऊ नये. पुतण्याची मोजपट्टी तिथे निरुपयोगी ठरली, ती याचमुळे.

परतल्यावर आम्ही आमच्या शहरातल्या एका दुकानात गेलो. मालक सज्जन, बोलका. मोठ्या माशाला टाकी केवढी घ्यावी असे विचारताच त्याने हसून सांगितले, “जेवडी टांकी, एवडी माछली.” टाकीच्या मापाने मासा वाढतो, जास्त वाढतच नाही, अशी ही समजूत सर्वत्र आहे, आणि ती ऐकून कितीतरी टाक्या विकल्या जातात. तिच्यात एवढेच सत्य की कोंदट, स्वतःच्याच मलमूत्राने भरलेल्या पाण्यात माशाची वाढ खुंटते, कधी पाठीचा कणाही वाकतो. कुंडीत खुरटलेल्या वडाला ‘कुंडी मानवली’ असे आम्ही म्हणत नाही.

दुकानात दुसरा नियमही मिळाला: एक इंच माशाला एक गॅलन पाणी. हा नियम चिमुकल्या माशांसाठी ठीक आहे. मोठ्यांसाठी तो घातक आहे, आणि का, हे गणितातल्या घनफळावरून कळते. मासा लांबीत दहापट झाला की रुंदीत आणि जाडीतही तितकाच वाढतो. म्हणजे दहा इंची मासा हा वजनाने एकेक इंचाच्या दहा माशांएवढा नसून हजार माशांएवढा असतो. त्याचे खाणे आणि त्याची घाण त्याच बेताने वाढते, जरी अगदी हजारपट नाही. घाणीतून अमोनिया निघतो. गाळणीतले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट पाणी बदलूनच काढावे लागते. पाणी थोडे असले की हे चक्र एखाद्या दिवशीच्या जास्तीच्या खाण्यानेही कोलमडते. बडोद्याच्या मे महिन्याची त्यात भर. वीस अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांना साडेसातच्या आसपास; आणि नेमका त्याच वेळी तापलेल्या माशाला तो अधिक लागतो. दुपारी वीज गेली की काय होते, हे सांगावयास नको. प्राणवायू पाण्यात शिरतो तो वरच्या पृष्ठभागातून. म्हणून दिवाणखान्यात शोभणारी उंच आणि अरुंद टाकी मोठ्या माशाला सर्वांत वाईट, आणि बसकी, रुंद टाकी उत्तम.

आमच्या समजुतीने कामचलाऊ माप असे धरावे. मासा आज केवढा आहे ते विसरून तो पूर्ण वाढल्यावर केवढा होणार ते आधी विचारावे. टाकीची रुंदी निदान त्या लांबीहून थोडी अधिक, म्हणजे तो न वाकता वळेल. आणि टाकीची लांबी त्या लांबीच्या चौपट तरी. एका घनफुटात २८ लिटरांवर थोडे पाणी मावते, तेव्हा लिटर काढणे सोपे. ऑस्कर हा मासा फूटभर होतो. एकट्यासाठी ४ फूट बाय दीड फूट बाय दीड फूट, म्हणजे सुमारे २५५ लिटर, ही किमान मर्यादा. काचेच्या गोल भांड्यात फिरणारा बिचारा गोल्डफिशसुद्धा, साध्या लांबट जातीचा असला तर, फुटापर्यंत जाऊ शकतो. ते भांडे आम्हाला पूर्वीपासून आवडत नाही. चंदेरी आरोवाना तीन फुटांपर्यंत वाढतो आणि वर उड्या मारतो, त्याला झाकणही भक्कम हवे. ॲमेझॉनमधला लाल शेपटीचा मोठा कॅटफिश दुकानात तीन इंचांचा, मिशा हलवणारा, फार गोंडस दिसतो. तो मीटरभर लांब होतो. त्याच्यासाठी वरच्या हिशेबाने तेरा-चौदा फुटांची टाकी निघते, आणि ती कोणाच्या घरात बसणार? जो मासा घरात बसत नाही, तो घरी आणू नये. दुकानदाराने तो विकू नये, असेही आमचे स्पष्ट मत आहे.

आता आमचा पाहुणा. ‘शार्क’ हे नुसते दुकानी नाव. शार्कशी त्याचा संबंध नाही. तो मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतला पंगास, कॅटफिशच्या गोतातला. मासे पाळणारे शेतकरी त्याला तळ्यात वाढवतात, तेव्हा वर्षभरात तो किलोच्या पुढे जातो. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो तो बहुधा हाच. नदीत तो चार फुटांवर आणि चाळीस किलोंवर गेल्याची नोंद आहे. स्वभाव कळपाने राहण्याचा आणि कमालीचा भित्रा. दिवा लागला की तो उसळून काचेवर आदळे आणि मध्यरात्री माडीवरून ‘धप्प’ असा आवाज येई. आम्ही तो आवाज तीन वर्षे ऐकला होता.

पुतण्याने प्रथम ६ फूट बाय ३ फूट बाय अडीच फूट अशी टाकी सुचवली. पंचेचाळीस घनफूट, म्हणजे पावणेतेराशे लिटर. एका लिटराचे एक किलो. काच, लोखंडी घडवंची आणि वाळू धरून दीड टन. आजच्या घरांचा आराखडा करताना राहत्या खोलीत चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात. ही टाकी त्याच्या चौपटीहून अधिक भार टाकणार. आणि आमचा वाडा तर सागवानी तुळयांचा, वर फळ्या आणि मातीचा भराव. पंचवीस माणसे सहा फूट बाय तीन फुटांत कायमची उभी केल्यासारखे ते झाले असते. डोळे मिटून काचेची मोठी टाकी माडीवर चढवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करावाच.

सल्ले पुष्कळ मिळाले. “सूरसागरात सोडा, लोक कणकेच्या गोळ्या घालतात, सुखात राहील.” “विश्वामित्रीत सोडा, नदीचाच मासा तो.” कोणी तर पुण्य लागेल असेही सांगितले. आम्हाला हे मान्य नव्हते. मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात साफसफाई करताना अमेरिकेतला अ‍ॅलिगेटर गार सापडला. त्याच वर्षी भोपाळच्या मोठ्या तलावातही. मगरीसारख्या जबड्याचा हा मासा तिथे पोहत आला नव्हता. कोणाच्या तरी टाकीत मावेना, म्हणून कोणीतरी तो हळूच सोडला असणार. आपल्याकडे टाकीतले शेवाळ खाणारे सकर मासे असेच कितीतरी तलावांत पसरले आहेत आणि जाळ्यात आले की कोळी कपाळाला हात लावतात. आणि बडोद्यात तलाव हा तलावापुरता राहील याचा भरवसा काय? ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीच्या मगरी रस्त्यांवर आल्या होत्या. मगर आली तर मासा का जाणार नाही?

उत्तर शेवटी वाड्यातच निघाले, आणि ते काढले आमच्या सौभाग्यवतींनी. मागच्या पडवीत, छपराखाली, आजोबांच्या वेळचा दगडी हौद आहे. नळ आल्यापासून त्यात जुन्या कढया, पत्र्याचे डबे आणि एक मोडका पाळणा साठला होता. आतून ९ फूट बाय ५ फूट. अडीच फूट पाणी भरले तर सुमारे ३,२०० लिटर. भार थेट जमिनीवर. चार बाजू अपारदर्शक, त्यामुळे काचेवर आदळण्याची भीती नाही. दुरुस्तीला लावलेल्या सिमेंटचा खार उतरावा म्हणून तो पाच वेळा भरला आणि रिकामा केला. प्लॅस्टिकच्या पिंपात खडी भरून गाळणी केली, तिला पंप जोडला, आणि वीज जाईल तेव्हासाठी बॅटरीवरचा हवेचा पंप ठेवला. नवी गाळणी एकदम काम करीत नाही. तिच्यात जिवाणू वाढावयास काही आठवडे लागतात. म्हणून माडीवरच्या टाकीतली जुनी खडी तिच्यात मिसळली.

हे सर्व परिपूर्ण झाले असे आम्ही म्हणणार नाही. मासा चार फुटांचा झाला तर आमच्याच चौपटीच्या मापाला हौद कमी पडतो. त्याच्या गोतातले कोणी सोबत नाही, आणि दुसरा आणावा तर पाणी पुन्हा अपुरे. जानेवारीत बडोद्याचे पाणी गार होते आणि हा उष्ण देशातला. रात्री हौदावर फळ्या टाकून आत दोन हीटर सोडावे लागले, आणि विजेच्या बिलाने ते आम्हाला कळवलेही.

पहिले तीन दिवस तो अंधाऱ्या कोपऱ्यात पडून होता, खाल्ले नाही. चौथ्या दिवशी पहाटे पुतण्या हाका मारीत आला, “काका, लवकर चला!” मासा हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला, पाच फुटांच्या रुंदीत न वाकता वळला आणि परत आला. पुतण्याने वहीत लिहिले: सहा अंगे. पुण्यास फोन करून मुलाला ते सांगितले, तर त्याने ते खरे मानले नाही. चित्रफीत पाठवावी लागली.

आता दर रविवारी दहावा हिस्सा, म्हणजे तीनएकशे लिटर पाणी बदलतो. नळाच्या पाण्यातले क्लोरिन जावे म्हणून नवे पाणी आदल्या रात्री पिंपांत भरून त्यात हवा सोडून ठेवतो. जुने पाणी मागच्या केळींना जाते. यंदा त्यांना घड मोठे आले आहेत.